प्राडाला टॅग करून काय मिळाले? कोल्हापुरातील एका चप्पल दुकानाचे प्रकरण

22 जून 2025 रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीच्या पुरुषांच्या पोशाखांचे सादरीकरण केले आणि त्यात मॉडेलांच्या पायांतल्या चपला पाहून कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत गदारोळ उठला. अंगठा, पट्टा, सपाट तळ, चामड्याचा नैसर्गिक रंग हे सगळे कोल्हापुरीचेच होते. कंपनीने मात्र त्यांची ओळख नुसती चामडी सँडल अशी करून दिली होती. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातच बनणाऱ्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) असल्यामुळे हा विषय केवळ भावनेपुरता उरला नाही. पत्रे गेली, निवेदने निघाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही पोहोचले. बाजारातल्या दुकानदारांनी मात्र आपापल्या परीने एक वेगळीच मोहीम उघडली. चपलेचे रील करायचे, त्यात प्राडाला टॅग करायचे आणि जमल्यास आणखी दहा-पंधरा मोठ्या खात्यांनाही टॅग करायचे, असा तो सपाटा होता.

त्यांपैकी एका दुकानाच्या खात्याचे काम माझ्याकडे आहे. मालकांच्या इच्छेवरून दुकानाचे नाव येथे दिलेले नाही आणि ज्या खात्यांशी आमचा संबंध आला तीही नावानिशी सांगितलेली नाहीत. टॅग करून पोहोच वाढते, हा समज छोट्या व्यावसायिकांमध्ये फार घट्ट बसलेला आहे आणि त्या आठवड्याइतकी तो तपासून पाहण्याची चांगली संधी पुन्हा मिळणे अवघड होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

दुकान आणि त्याचे खाते

दुकान तिसऱ्या पिढीचे आहे. मालक, ज्यांना बाजारात सगळे काकाच म्हणतात, स्वतः रापी धरून तळ कापू शकणाऱ्या थोड्या दुकानदारांपैकी आहेत. मागच्या बाजूच्या खोलीत दोन कारागीर बसतात, बाकीचे काम आसपासच्या गावांतून घरोघरी होते. विशेषतः पट्ट्यावर बसवायच्या चामड्याच्या बारीक वेण्या बहुतेक ठिकाणी बायकाच घालतात. इन्स्टाग्रामचे खाते काकांच्या धाकट्या मुलाने उघडलेले. त्याला व्हिडिओची सवय टिकटॉकपासूनची. 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली, आणि इतर हजारो जणांप्रमाणे हा मुलगाही आपले सगळे शिक्षण बरोबर घेऊन इकडे आला. मोठ्या खात्याला टॅग कर, म्हणजे त्याचे लोक तुझ्याकडे येतील, हा त्या शिक्षणातलाच एक धडा होता.

जून 2025 मध्ये खात्याचे फॉलोअर चार आकड्यांत होते. त्यांतले बरेचसे जुने गिऱ्हाईक, नातेवाईक आणि इतर दुकानदार. रीलला पाहणारे मिळत, पण त्यातून दुकानात येणारे किंवा व्हॉट्सअॅपवर मापे पाठवणारे मोजकेच. माप घेण्याची या दुकानाची रीत सांगण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाने कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलने बाहेरची रेघ काढायची, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये एक खूण करायची, कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवायचा. काका त्या फोटोवरून नंबर सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. आमच्या दृष्टीने रीलचे यश मोजण्याचे खरे परिमाण तेच होते, की आठवड्यात असे कागदाचे फोटो किती आले. पाहणाऱ्यांचा आकडा दुय्यम होता.

वीस टॅगांचे रील

प्राडाची बातमी मराठी वाहिन्यांवर पोहोचली त्या दिवशी मुलाने एक रील केले. एका बाजूला मिलानमधल्या सादरीकरणाचा फोटो, दुसऱ्या बाजूला काकांच्या हातातली कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), आणि वर मजकूर, ‘ओळखा पाहू खरी कोणती’. इन्स्टाग्राम एका पोस्टमध्ये वीस खात्यांपर्यंत टॅग करू देते. त्याने वीसच्या वीस जागा भरल्या. त्यांत प्राडा होती, दोन-तीन परदेशी फॅशन मासिके होती, मराठी आणि हिंदी अभिनेते होते, वृत्तवाहिन्या होत्या, दोन राजकीय पुढारी होते, आणि उरलेल्या जागी विनोदी मीम टाकणारी पाने होती. कॅप्शनमध्ये पुन्हा तीच नावे उल्लेख म्हणून आली.

रील चालले. खात्यावर तोपर्यंत टाकलेल्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते पाहिले आणि पाहणाऱ्यांत फॉलोअर नसलेल्यांचे प्रमाण मोठे होते. मुलाने साहजिकच श्रेय टॅगांना दिले. काकांची तक्रार निराळीच होती. ‘एवढ्या लोकांनी बघितलं म्हणतोस, मग दुकानात कुणी आलं न्हाई ते कसं?’ असे त्यांनी मला दोनदा विचारले आणि तो प्रश्न रास्त होता. त्या रीलच्या खाली शेकडो प्रतिक्रिया होत्या, पण त्या प्राडाला शिव्या, कोल्हापूरचा अभिमान, चपलेवरचे विनोद अशा स्वरूपाच्या. ‘ही कितीला?’ असे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

टॅगांचा आणि त्या आकड्याचा संबंध होता का, हे तपासायचे म्हटले तर अडचण अशी की अमुक इतके लोक टॅगमुळे आले असा वेगळा हिशेब इन्स्टाग्राम खातेदाराला देत नाही. त्यामुळे तुलनाच करावी लागते. आमच्या सुदैवाने त्याच आठवड्यात मुलाने आणखी दोन रील टाकले होते. एकात काका प्राडाच्या चपलेचा फोटो मोबाइलवर मोठा करून, बोटाने दाखवत, अंगठा कुठे आपल्यासारखा आहे आणि कान, म्हणजे पट्ट्याच्या दोन बाजूंची चामडी पाळी, कसे गायब आहेत हे सांगत होते. त्यात घाईमुळे एकही टॅग नव्हता. दुसरे रील नेहमीच्या लग्नसराईच्या जोडांचे होते आणि त्यात तेच वीस टॅग जसेच्या तसे चिकटवलेले होते. काकांचे बिनटॅगचे रील पहिल्याच्या तोडीने चालले आणि शेवटपर्यंत पाहणारे त्यात जास्त निघाले. वीस टॅगांचे लग्नाचे रील एरवीइतकेही चालले नाही. विषय तापलेला होता तिथे टॅग असो वा नसो लोक आले, आणि विषय थंड होता तिथे वीस टॅगही त्याला हलवू शकले नाहीत. तीन व्हिडिओंवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य. पण टॅग या सोयीची रचना पाहिली तर हेच घडणार होते.

टॅग केल्यावर होते काय

आपण एखाद्या खात्याला टॅग करतो तेव्हा त्या खातेदाराला एक सूचना जाते. ती सूचना त्याच्या फॉलोअरांना जात नाही. त्याने परवानगी ठेवलेली असेल तर आपले रील त्याच्या प्रोफाइलवरच्या टॅग केलेल्या पोस्टच्या कप्प्यात दिसते, पण तिथे जाऊन पाहणारे लोक फार थोडे, आणि प्राडासारख्या खात्याच्या बाबतीत त्या आठवड्यात तिथे जगभरातल्या संतापाचा ढीग पडलेला असणार, ज्यात कोल्हापुरातल्या एका दुकानाचे रील सापडणे कठीणच. शिवाय आपल्याला कोणी टॅग करावे, सर्वांनी, आपण फॉलो करतो त्यांनीच, की कुणीच नाही, हे प्रत्येक खातेदार ठरवू शकतो. टॅग आपण मंजूर केल्यावरच दिसावेत अशीही सोय आहे. आणि केलेला टॅग काढूनही टाकता येतो. आमच्या यादीतल्या एका अभिनेत्याने तसा तो काढला होता, हे मुलाला पुष्कळ उशिरा कळले.

रील कुणाकुणाच्या पडद्यावर न्यायचे हे ठरवणारी यंत्रणा वेगळ्याच गोष्टी पाहते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलेले तीन मुख्य निकष म्हणजे व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, पाहणाऱ्यांपैकी किती जण त्याला लाइक करतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात. त्यातही आधीच जोडलेल्या लोकांमध्ये पोहोचण्यासाठी लाइकला आणि अनोळखी लोकांमध्ये पोहोचण्यासाठी पाठवण्याला वजन अधिक. काकांचे बिनटॅगचे रील लोकांनी घरच्यांच्या ग्रुपांवर पाठवले, कारण त्यात एक जाणता माणूस नेमका फरक दाखवत होता. कोणी कोणाला टॅग केले आहे याचा या तीन निकषांत उल्लेखही नाही. टॅग केलेल्याने ते रील उचलून आपल्या स्टोरीला लावले, त्यावर प्रतिक्रिया दिली किंवा आपल्या लोकांना पाठवले, तरच टॅगचे पोहोचीत रूपांतर होते, आणि ते करायला त्याच्याजवळ काही कारण असावे लागते. कोल्हापुरातल्या दुकानाचा, स्वतःवरच टीका करणारा व्हिडिओ प्राडाने आपल्या स्टोरीला लावावा असे कोणते कारण असणार होते, हा प्रश्न टॅग करताना कुणी विचारला नव्हता.

टॅगांचा अतिरेक निरुपद्रवी असतो असेही नाही. संमती नसताना व्यावसायिक हेतूने लोकांना पुन्हापुन्हा संपर्क करणे इन्स्टाग्रामच्या नियमांना धरून नाही, आणि स्पर्धा किंवा बक्षिसांच्या पोस्टसाठी त्यांचा वेगळा नियम असा आहे की जे लोक पोस्टमध्ये नाहीत त्यांना टॅग करायला कोणाला प्रवृत्त करू नये. मुलाच्या डोक्यात तोपर्यंत ‘तीन मित्रांना टॅग करा आणि एक जोड जिंका’ ही पुढची योजना तयार होती. इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकने, डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केले होते की लोकांना टॅग करायला, लाइक करायला किंवा शेअर करायला उचकवणाऱ्या पोस्ट फेसबुकवर मागे ढकलल्या जातील. ही गोष्ट त्याला दाखवल्यावर योजना तिथेच थांबली. तसेच त्याने कॅप्शनमध्ये लिहिलेले ‘प्राडा स्टाइल’ हे शब्द मी काढायला लावले. दुसऱ्याचे नोंदणीकृत नाव आपल्या मालाच्या विक्रीसाठी वापरणे कायद्याच्या दृष्टीने जोखमीचे आहे. शिवाय ज्या चपलेची नक्कल झाली अशी आपली तक्रार आहे, तीच नकलेच्या नावाने विकणे म्हणजे स्वतःच्या दाव्यावर पाणी सोडणे.

कंपनीने अखेर दखल घेतली ती कशाची, हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चर या संस्थेने प्राडाला पत्र लिहिले आणि जून संपण्यापूर्वी कंपनीने त्या पत्राला उत्तर देऊन त्या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. समाजमाध्यमांवरच्या आवाजाचा त्यात वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही. तो आवाज झाला नसता तर पत्राला इतके तत्पर उत्तर मिळाले असते का, याची शंकाच आहे. पण तो दबाव लाखो लोकांच्या एकत्र आवाजाचा होता. एका दुकानाने केलेल्या टॅगामुळे त्या दुकानाला काही मिळण्याची शक्यता त्यात नव्हती, आणि मिळालेही नाही.

फेटेवाल्यांबरोबरचे रील

यानंतर आम्ही टॅगची यादी रद्द करून एकच प्रश्न पुढे ठेवला, की आपले रील आपल्या प्रोफाइलवर असावे असे कोणाला स्वतःहून वाटेल. उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. लग्नाच्या हंगामात दुकानात येणारे नवरदेव बहुतेक वेळा फेटा आधी ठरवून आलेले असतात आणि चपलेचा रंग त्याच्याशी जुळवतात. पुण्यात फेटे बांधून देणारे एक मध्यम आकाराचे खाते होते. फॉलोअर आमच्यापेक्षा बरेच जास्त, पण अभिनेत्यांच्या तुलनेत काहीच नाही. त्यांना आम्ही टॅग केले नाही. आधी फोन केला.

इन्स्टाग्रामवर ऑक्टोबर 2021 पासून कोलॅब नावाची सोय आहे. एका खात्याने रील टाकताना दुसऱ्याला सहलेखक म्हणून आमंत्रण द्यायचे. त्याने ते स्वीकारले की तेच रील दोघांच्या प्रोफाइलवर दिसते, दोघांच्या फॉलोअरांपर्यंत जाते आणि लाइक, प्रतिक्रिया, पाहणारे असे सगळे एकाच ठिकाणी मोजले जाते. टॅगमध्ये जे घडेल अशी लोक आशा करतात ते प्रत्यक्षात कोलॅबमध्ये घडते, मात्र समोरच्याने होकार दिला तरच. म्हणून रील बनवण्याआधीच होकार घ्यायचा आणि त्या होकारासाठी रीलमध्ये त्याचा वाटा ठेवायचा, असे ठरले.

रील साधे होते. नवरदेव पायांपासून सुरू होतो आणि कॅमेरा सावकाश वर जातो. सुरुवातीला चपलेचा अंगठा, त्यावरचा लाल गोंडा, पट्ट्यावरची वेणी. मग धोतराची किनार. शेवटी फेटेवाले दादा शेवटचा पीळ घट्ट करून तुरा सोडतात. पहिल्या मसुद्यात चपलेवरच निम्मा वेळ गेला होता आणि फेटा शेवटी ओझरता दिसत होता. फेटेवाल्यांनी ते पाहून स्पष्ट सांगितले की हे तुमच्या दुकानाचे रील झाले, माझ्या पानावर मी का ठेवू? त्यांचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्या मसुद्यात फेटा बांधण्याला पुरेसा वेळ दिला आणि त्यांचा आवाज घेतला. काकांना ते फारसे रुचले नाही. पण कोलॅबचे आमंत्रण पाठवताच स्वीकारले गेले.

ते रील प्राडाच्या रीलइतके चालले नाही. त्याच्या जवळपासही गेले नाही. पण त्याखालच्या प्रतिक्रिया पूर्णपणे वेगळ्या होत्या. ‘नोव्हेंबरच्या लग्नासाठी ऑर्डर कधी द्यावी लागेल’, ‘नऊ नंबर मिळेल का’, ‘पुण्यात पाठवता का’, ‘सासऱ्यांसाठी बिनगोंड्याची हवी’. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर पायाच्या रेघेचे कागद इतके आले की काकांनी सकाळचा एक तास त्यासाठीच बाजूला काढला. ज्यांना चप्पल घ्यायचीच होती आणि कुठून घ्यावी हे ठरत नव्हते, अशा लोकांच्या समोर रील पोहोचले होते. प्राडाच्या रीलवर आलेले लोक चर्चेसाठी आले होते आणि चर्चा संपल्यावर निघून गेले.

एक बाब इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती बहुतेक छोटे दुकानदार विसरतात. चित्रीकरणासाठी दिलेला जोड काकांनी नंतर फेटेवाल्यांना भेट म्हणून दिला. व्यवहार पैशाचा नसला तरी फुकट मिळालेली वस्तू हाही लाभच धरला जातो. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने इन्फ्लुएन्सरांसाठी 2021 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांत असा लाभ उघड सांगायला हवा असे म्हटले आहे. कौन्सिलच्या तत्त्वांनुसार पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तशी पट्टी किमान तीन सेकंद आणि त्याहून मोठ्या, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत किमान एकतृतीयांश वेळ दिसावी लागते. फेटेवाल्यांना आधी हे जरा जड वाटले, पुण्यात कुणीच असे लिहीत नाही म्हणाले. पण पट्टी लावली गेली. तिच्यामुळे कुणी रील पाहायचे सोडले असे आकड्यांत तरी दिसले नाही.

वेणी घालणाऱ्या मावशी

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग पुढे आला आणि तो मी सुचवलेला नव्हता, काकूंनी काढला. फेट्याच्या रीलनंतर मुलगा वेणी घालण्याचे रील करायला गावातल्या एका मावशींकडे गेला होता. मावशी गेली कित्येक वर्षे या दुकानासाठी वेण्या घालतात. ओलसर केलेल्या चामड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, पायाच्या अंगठ्यात अडकवलेले एक टोक, आणि बोटे इतक्या वेगाने चालतात की व्हिडिओ हळू केल्याशिवाय कोणती पट्टी कोणत्या पट्टीखालून जाते हे कळत नाही. रील सुंदर झाले होते. त्यात मावशींचे हात होते, चेहरा नव्हता, नाव नव्हते. टॅगही फक्त दुकानाच्याच दुसऱ्या खात्याला होता. काकूंनी ते पाहिले आणि विचारले, ‘त्या इटलीवाल्यांनी आपलं नाव घेतलं न्हाई म्हणून महिनाभर बोंबलत होता, आणि हिचं नाव कुठं हाय?’

काकांनी सुरुवातीला हा विषय टाळला. दुकानाची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. मावशींना मजुरी वेळेवर मिळते, दिवाळीला वेगळे दिले जाते, आणि कारागिरांची नावे उघड केली की दुसरे दुकानदार त्यांना गाठतात ही भीती बाजारात सर्वांनाच आहे. पण प्राडाकडून ज्या गोष्टीची मागणी आपण केली तिचेच हे लहान रूप होते, हे टाळता येण्यासारखे नव्हते. माझ्या मते श्रेय देण्याचा टॅग आणि पोहोच मिळवण्याचा टॅग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला टॅग ज्याचे काम आहे त्याच्यापर्यंत पाहणाऱ्याला पोहोचवतो. दुसरा, ज्याच्याकडे गर्दी आहे त्याच्याकडून गर्दी मागतो. छोटे दुकानदार दुसरा सर्रास करतात आणि पहिला विसरतात.

मावशींचे स्वतःचे खाते नव्हते, त्यांच्या मुलाचे होते. मावशींना विचारले, तेव्हा त्यांची अट इतकीच होती की चेहरा दाखवायचा तर साडी नीट नेसून पुन्हा व्हिडिओ करायचा. तसा तो केला. दुसऱ्या रीलमध्ये मावशी स्वतः आपले नाव आणि गाव सांगतात, वेणी किती पट्ट्यांची आहे हे सांगतात, आणि खाली त्यांच्या मुलाच्या खात्याला टॅग आहे. रीलची पोहोच पहिल्यापेक्षा कमी-जास्त झाली असे म्हणता येत नाही. पण गावातल्या लोकांनी ते एकमेकांना पाठवले, परगावी राहणाऱ्या गाववाल्यांनी पाठवले, आणि त्यातले काही जण चप्पल घ्यायला आले ते ‘त्या मावशींची वेणी असलेली’ असे म्हणत. टॅगशिवायही हे झाले असते. नावाशिवाय झाले नसते.

थेट चौकशा

कारागिरांना टॅग करण्याचा निर्णय झाल्यावर बाजाराची भीती खरी ठरली, निदान अर्धी तरी. मावशींच्या मुलाच्या खात्यावर ‘मला दोन जोड पाठवा’ असे संदेश येऊ लागले. मावशी फक्त वेणी घालतात, तळ शिवत नाहीत, त्यामुळे मुलाने ते संदेश दुकानाकडे वळवले आणि दुकानाने त्या ऑर्डरींवर मावशींना ठराविक रक्कम जास्त देण्याचे मान्य केले. तिथे अडचण आली नाही.

अडचण आली ती कापशी पूर्ण बनवणाऱ्या एका कारागिराच्या बाबतीत. त्याला टॅग केल्यावर त्याने आलेल्या चौकशा स्वतःच घेतल्या, भाव दुकानापेक्षा कमी लावला, आणि एका गिऱ्हाइकाने दोन्हीकडचे भाव काकांना स्क्रीनशॉट काढून पाठवले. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. टॅग बंद करा, असा त्यांचा पहिला हुकूम होता. कारागिराच्या बाजूनेही पाहायला हवे. तो दुकानाचा नोकर नव्हता, जोडामागे मजुरी घेत होता आणि स्वतःचा माल विकायला त्याला कोणताही अडसर नव्हता. टॅगने त्याला जे दिले ते त्याच्या हक्काचेच होते.

शेवटी दोघांनी समोरासमोर बसून ठरवले. दुकानाच्या रीलमध्ये दिसणारा जोड, म्हणजे दुकानाने नमुना दिलेला आणि चामडे पुरवलेला, दुकानच विकेल. त्यावर कारागिराचे नाव आणि टॅग राहील आणि त्याची मजुरी वाढेल. कारागीर स्वतःच्या चामड्याचे, स्वतःच्या नमुन्याचे जोड स्वतःच्या खात्यावर विकेल, आणि त्या रीलमध्ये वाटल्यास दुकानाला कोलॅबचे आमंत्रण देईल. हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. काकांनी ही पद्धत मग इतर कारागिरांनाही लावली.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी, म्हणजे मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावे आहे त्या दोन संस्थांशी, कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचा करार केला. बातमी पुन्हा तापली आणि बाजारात प्राडाला टॅग करण्याची लाट पुन्हा आली. मुलाने या वेळी काकांचे एक रील टाकले, ज्यात ते या कराराबद्दल आपली साशंकता बोलून दाखवतात. त्यात टॅग एकच आहे. काका ज्या जोडाकडे बोट दाखवून बोलतात तो बनवणाऱ्या कारागिराचा. तो कारागीर म्हणजे काकांशी भांडलेला तोच गृहस्थ, आणि त्याने ते रील आपल्या स्टोरीला लावले.